वाचकांचे प्रश्न : मोठ्या हरिकेनचे शेवटचे हात

प्रश्न : हॉकर हरिकेन (मार्क २) या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे, मूळच्या एक-पंचमांश आकाराचे आणि रेडिओ-नियंत्रणावर उडणारे मॉडेल मी आराखड्यावरून बांधत आहे. पंखांचा पसारा सुमारे २.४४ मीटर असून बाल्सा (अतिशय हलके लाकूड) व प्लायवूडचे काम संपत आले आहे. सबंध विमानावर फायबरग्लासचे कापड चढवून मग रंग द्यावा असा विचार आहे. पण वजन फार वाढेल अशी भीती वाटते. काम कोणत्या क्रमाने करावे?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : आपली भीती रास्त आहे. तिच्यावरचा पहिला उपाय म्हणजे ‘सबंध विमानावर’ हा विचार सोडून देणे. मूळ हरिकेनचे धड कॉकपिटच्या मागे पत्र्याचे नव्हतेच. धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी फॉर्मर (धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटी) आणि लांब पट्ट्या बसवून त्यांवर कापड ताणलेले असे. शेपटीचे पंख, सुकाणू आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पाती) यांवरही कापडच होते. पत्रा होता तो नाकाकडच्या भागावर आणि मार्क २ च्या पंखांवर. म्हणून फायबरग्लास तेवढ्याच भागावर चढवावे आणि मागच्या धडावर व शेपटीवर उष्णतेने आवळणारे विणीचे कापड इस्त्रीने लावावे. त्यामुळे पट्ट्यांचे उंचवटे कापडाखाली मुळात दिसत तसेच दिसतील आणि शेपूटही हलकी राहील.

शेपटीचा मुद्दा मुद्दाम ठळकपणे मांडतो. हरिकेनचे नाक आखूड आहे. आपल्या आकारात गुरुत्वमध्यापासून शेपटीचे अंतर इंजिनाच्या भिंतीच्या (इंजिन जिच्यावर बसते त्या नाकातल्या फळीच्या) अंतराच्या अडीच पटींच्या आसपास भरते. म्हणजे शेपटीवर शंभर ग्रॅम पुट्टी आणि रंग चढला, तर तोल सांभाळण्यासाठी नाकात पाव किलो शिसे भरावे लागते आणि वजन एकूण साडेतीनशे ग्रॅमने वाढते. रंगकामाचा हिशेब शेवटी करायचा नसतो, तो सांगाडा उभा करतानाच करायचा असतो, असे मी आग्रहाने म्हणतो ते यामुळेच. अजून वेळ गेलेली नाही. शेपटीकडची जी लाकडे भार घेत नाहीत ती आतून कोरून घ्यावीत आणि रिसीव्हर (रेडिओचे संदेश घेणारे उपकरण) व इग्निशन (इंजिनातली ठिणगी) यांच्या बॅटऱ्या इंजिनाच्या भिंतीला शक्य तितक्या जवळ बसवाव्यात.

पंखांसाठी चौरस मीटरला २५ ग्रॅम वजनाचे कापड पुरेसे होते. त्याहून जाड कापडाची गरज फक्त पंखांच्या मधल्या जोडावर आणि चाकांच्या खोबणीभोवती असते. बाल्सा आधी लांब ठोकळ्यावर लावलेल्या पॉलिशपेपरने इतका सपाट करावा, की तिरप्या उजेडात धरल्यावर जोड दिसू नयेत, कारण कापड खड्डा झाकत नाही. कापड कोरडेच अंथरून हाताने सरळ करावे, मग सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी मधोमध ओतून जुन्या प्लास्टिक कार्डाने कडांकडे ओढत न्यावे. या टप्प्याला बहुतेकांचा हात सैल सुटतो. पृष्ठभाग चकाकू लागला की इपॉक्सी जास्त झाले असे समजावे. ते ओले असतानाच त्यावरून टॉयलेट पेपरचा रोल फिरवला की जादा इपॉक्सी टिपले जाते, आणि पेपरचा भिजलेला थर तेवढा फाडून टाकून रोल पुढे वापरता येतो. शेवटी कापडाची वीण मंद, मॅट दिसली पाहिजे. नीट टिपलेल्या कामात कापड आणि इपॉक्सी मिळून चौरस मीटरला पन्नास-साठ ग्रॅम होतात. न टिपलेल्या कामात हे वजन सहज दुप्पट-तिप्पट होते.

वीण भरण्यासाठी प्रायमरचे हात द्यावेत आणि त्यातला बहुतेक प्रायमर घासून काढावा, कारण तो फक्त वीणीच्या खळग्यांत राहायला हवा. पत्र्याचे जोड दाखवायचे असतील, तर जोडाच्या रेषेवर अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद टेप चिकटवून वर प्रायमरचे दोन-तीन हात मारावेत आणि प्रायमर पुरता कडक होण्याआधी टेप सोलून काढावी. मागे राहणारी बारीक खाच या आकाराला शोभते. पंखावर चाकूने कोरलेल्या रेषा मात्र दहा पावलांवरूनही खोट्या वाटतात. रिव्हेटसाठी पातळ पांढऱ्या गोंदाचे थेंब इंजेक्शनच्या सुईने ठेवता येतात. ते सगळीकडे ठेवण्याचा मोह टाळावा आणि छायाचित्रात जेवढे दिसतात तेवढेच ठेवावेत.

प्रश्न : पुण्यातल्या पावसाळ्यात रंगकाम करता येईल का? आणि रंग कोणता घ्यावा?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : जून ते सप्टेंबर या काळात लाकूडकाम करावे, रंगकाम टाळावे. एनसी लॅकर (नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग) किंवा डोप (कापडावर द्यायचा तसाच लेप) दमट हवेत फवारला, तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि पांढरट झाक येते. पावसाळ्यात रंग द्यावाच लागला तर कोरड्या दिवशी दुपारी द्यावा आणि रंग, थिनर व विमान हे सर्व आधी काही तास एकाच खोलीत ठेवावे. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम असते, मात्र दार बंद ठेवून धूळ आवरावी लागते.

ग्लो इंजिनाच्या (मॉडेलसाठीच्या छोट्या इंजिनाचा एक प्रकार) इंधनातले मिथेनॉल एनसी रंग आणि साधा इनॅमल दोन्ही खाते. पेट्रोल इंजिन त्या मानाने सौम्य असले, तरी त्याचे तेल मॅट रंगात मुरते आणि डाग कायमचा बसतो. म्हणून खालचे रंग कोणतेही असोत, वरून टू-के पीयूचा (दोन भाग मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेनचा) मॅट क्लिअर, म्हणजे चमक नसलेला पारदर्शक थर द्यावा आणि तो एकच पातळ हात असावा. याच्या हार्डनरमध्ये (घट्ट करणाऱ्या भागात) आयसोसायनेट हे घातक रसायन असते. ते श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो, आणि धुळीचा साधा मास्क त्यापासून अजिबात वाचवत नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत हे काम कृपा करून करू नये. गाड्या रंगवणाऱ्या ओळखीच्या गॅरेजला विनंती करून त्यांच्या स्प्रे बूथमध्ये ते करून घ्यावे; घरातल्या लहान मुलांचा विचार करता हा खर्च मुळीच जास्त नाही.

प्रश्न : ब्रह्मदेश आघाडीवरच्या भारतीय हवाई दलाच्या हरिकेनचे रंग दाखवायचे आहेत. काय ध्यानात ठेवावे?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : विषय सुंदर निवडला आहे. १९४४ साली इम्फाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील १ क्रमांकाची स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. पहिली काळजी विमानावरच्या हवाई दलाच्या गोल चिन्हाची घ्यावी. लाल भाग लांबून जपानी विमानांवरच्या लाल वर्तुळासारखा भासू नये म्हणून त्या आघाडीवर चिन्हातून लाल रंग काढून टाकला होता आणि गडद निळ्याच्या आत फिकट निळा ठेवला जाई. युरोपातल्या हरिकेनसाठी मिळणारी तयार चिन्हे त्यामुळे येथे चालणार नाहीत. दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयात हरिकेन आहे. ते आकार आणि जोडणी समजून घेण्यासाठी अवश्य पाहावे. संग्रहालयातल्या विमानांना मागाहून पुन्हा रंग दिलेला असू शकतो, म्हणून छटेसाठी युद्धकाळातल्या छायाचित्रांवरच भिस्त ठेवावी.

झीज दाखवताना विमानाभोवती माणसे कशी वावरत हे आधी समजून घ्यावे. वैमानिक डाव्या बाजूने चढे. तेथे धडाखालून ओढून काढायची पायरी होती आणि ती खाली ओढली की वर हात धरण्याच्या खाचेचे झाकण उघडत असे. साहजिकच रंग डाव्या पंखाच्या मुळाशी अधिक उडालेला असावा. दोन्ही पंखांवर सारखेच ओरखडे काढलेले विमान कोणी वापरलेले वाटत नाही.

प्रश्न : असे विमान पुण्यात उडवायला परवानगी लागते का?
— एक विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : ड्रोन नियम, २०२१ नुसार २५ किलोपर्यंतचे, छंदासाठी किंवा शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यातच उडवलेले विमान ‘मॉडेल’ या वर्गात येते आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्र (त्या बनावटीला मिळणारी सरकारी मान्यता) लागत नाही. हवाई क्षेत्राचे निर्बंध मात्र त्यालाही लागू आहेत. लोहगाव हे हवाई दलाचे ठाणे आणि विमानतळही असल्याने शहराचा मोठा भाग निर्बंधित क्षेत्रात मोडतो. म्हणून जागा ठरवण्याआधी सरकारी नकाशावर तिचा रंग पाहावा : लाल क्षेत्रात केंद्र सरकारची आणि पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, तर हिरव्या क्षेत्रात ठरलेल्या उंचीपर्यंत ती लागत नाही. शेतजमीन असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी.

बारा-तेरा किलोचे, पेट्रोलवर चालणारे विमान एकट्याने कधीही सुरू करू नये. दुसऱ्या व्यक्तीने शेपूट धरलेली असावी, इग्निशन तोडणारा स्वतंत्र स्विच ट्रान्समीटरवरून चालतो याची खात्री करावी आणि इंजिन चालू ठेवून पल्ल्याची (ट्रान्समीटरचा संदेश किती लांबून पोचतो याची) तपासणी झाल्याशिवाय धावपट्टीवर जाऊ नये. तोल शेवटचा क्लिअर सुकल्यानंतर पुन्हा मोजावा. रंगाआधी घेतलेले माप उड्डाणाच्या दिवशी धरता येत नाही.