पुरावा म्हणून पाठवलेली चार पाने

पत्र थोडक्यात असे : यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्यातल्या एका कापूस उत्पादक पालकांनी लिहिले आहे. मुलाने दोनदा नीट दिली. पहिल्या वेळी ७२० पैकी २१२ आणि यंदा २४१ गुण मिळाले. नागपूरच्या शिकवणीसाठी कर्ज काढले आहे. मुलगा रात्री लॅपटॉपवर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजांच्या नोंदी शोधतो आणि वह्या भरतो. वडील विचारतात, “बुडालेली जहाजं शोधता शोधता हा आमचं घर बुडवणार. याला ताळ्यावर कसं आणावं?” पुरावा म्हणून त्यांनी वहीच्या चार पानांची झेरॉक्स जोडली आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात गुणांचे आकडे पहिल्याच ओळीत आहेत. परंतु मी थांबलो तो शेवटाकडच्या एका वाक्यापाशी, जे आपण जाता जाता लिहून टाकले आहे. “यंदा नंबर लागला नाही तर घराची पायरी चढू नको असं त्याला सांगितलं, तेव्हापासून तो न बोलता जेवतो आणि उठून जातो.” लॅपटॉप कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतल्याचे आपण त्याच परिच्छेदात लिहिता. दोनदा अपेक्षाभंग झालेल्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला घराचे दार बंद होईल असे सांगणे आणि त्याच दिवशी ज्यात त्याचे मन रमते ती एकमेव गोष्टही काढून घेणे, हे शिस्त लावणे नव्हे. ते वाक्य आज संध्याकाळीच, त्याच्या आईच्या समोर, स्पष्ट शब्दांत मागे घ्या. त्याची झोप, जेवण आणि बोलणे आठवडाभरात पूर्ववत झाले नाही, तर मला पुन्हा पत्र लिहिण्यात वेळ न घालवता त्याला डॉक्टरांकडे न्या, किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. शिकवणीचे कर्ज आपण काढले आहे, त्याने मागितले नव्हते. त्याची परतफेड गुणांच्या रूपाने त्याच्याकडून वसूल करता येणार नाही.

आता त्या चार पानांविषयी. आपण ती मुलाच्या वेडेपणाचा पुरावा म्हणून पाठवलीत, आणि मला मात्र सगळ्या पत्रात तीच सर्वांत शहाणपणाची वाटली. पहिल्या पानावर ‘वैतरणा’ या आगबोटीची नोंद आहे. कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली ही बोट नोव्हेंबर १८८८ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत आणि आजही त्याच नावाने ती आठवली जाते. त्यामुळे जुन्या नोंदवह्यांत ‘वीजळी’ शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. आपल्या मुलाने हे स्वतःहून ओळखले आहे. मृतांच्या संख्येपुढे त्याने एका ठिकाणचा साडेसातशेच्या आसपासचा आकडा आणि लोकगीतातला तेराशेचा आकडा असे दोन्ही लिहून, पुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे. ते प्रश्नचिन्ह पाहून मला बरे वाटले, कारण पदव्युत्तर वर्गातही ते फार थोड्यांना टाकता येते.

दुसऱ्या पानावर जहाजांच्या अधिकृत क्रमांकांचा तक्ता आहे. आपल्याला तो निरर्थक वाटला, पण आपण त्याची पद्धत रोज वापरता. शेताचा मालक बदलला, फेरफार झाला, तरी गट क्रमांक तोच राहतो ना? ब्रिटिश नोंदणीत १८५५ पासून प्रत्येक जहाजाला असाच कायमचा क्रमांक मिळू लागला, कारण एकाच नावाची अनेक जहाजे असत आणि विकली गेली की नावेही बदलत. त्या क्रमांकाच्या आधारे मुलगा लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या वार्षिक सूचीचे वर्षावर्षाचे खंड चाळतो, बोट कुठे बांधली, मालक कोण, कोणत्या वर्षानंतर ती यादीतून गेली हे पाहतो, आणि मग त्या तारखेच्या सुमाराची ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मोफत खुली केलेली जुनी वर्तमानपत्रे उघडतो. कुणी न शिकवता तो या क्रमाने गेला आहे.

चूकही सांगतो. मुंबईहून रेवसला निघून १७ जुलै १९४७ रोजी बुडालेल्या ‘रामदास’ बोटीबद्दल त्याने तीन संकेतस्थळांचा दाखला दिला आहे. त्या तिन्हींतली वाक्ये शब्दशः सारखी आहेत. एकमेकांवरून उतरवलेल्या तीन नोंदी म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत, एकच. हे त्याला माझ्या नावाने सांगा. त्याला राग येणार नाही.

एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा, आणि तो आपला आणि मुलाचा, दोघांचाही आहे. “सोन्याचं जहाज सापडलं तर करोडपती होईन असं तो धाकट्याला सांगत होता,” असे आपण लिहिता; म्हणजे तो स्वप्न पाहतो आहे आणि आपण त्या स्वप्नाला हसता आहात, पण संशोधन म्हणजे खजिना हे दोघांनीही गृहीत धरले आहे. मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ ही प्रवासी बोट २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसे गेली. तिच्यावर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने विकत घेतलेली चांदी होती. २०१७ मध्ये एका कंपनीने अडीच किलोमीटर खोलीवरून तिच्या २,३६४ विटा वर काढल्या आणि त्यानंतर वर्षानुवर्षे न्यायालयात हेलपाटे घातले. २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने दिला. चांदी बुडाली म्हणून ती बेवारस होत नाही. आणि नोंदी वाचून जहाजाचा पत्ता लावणाऱ्या माणसाच्या वाट्याला, फार झाले तर, अहवालात एक आभाराची ओळ येते.

म्हणून ‘बुडालेल्या जहाजांचा संशोधक’ अशी नोकरी डोळ्यांपुढे ठेवून त्याने शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाण्याखालील शाखेत हे काम होते, पण तिथल्या जागा मोजक्या आहेत. समुद्र दूर आहे ही अडचण नाही; या कामाचा मोठा भाग कोरड्या कागदावर होतो. नीटचा तिसरा प्रयत्न, सीईटी, फार्मसी, कृषी पदवी यांची माहिती आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही सेतू केंद्रावर मिळेल, त्यात मी जागा घालवत नाही. तिसऱ्या वर्षासाठी कर्ज मात्र काढू नका.

मी त्याला वेगळ्याच दिशेने वळवू इच्छितो. त्याच्या वहीच्या चौथ्या पानावर ‘देशी गलबते, पडाव’ असा मथळा आहे आणि खाली पान कोरे आहे. ते कोरे राहणारच, कारण विलायती नोंदवह्यांत आगबोटी सापडतात, आपल्या किनाऱ्यावरची गलबते क्वचितच. मराठ्यांच्या आरमाराचे आणि बंदरांच्या जकातीचे कागद मोडी लिपीत आहेत, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, वाचणाऱ्याची वाट पाहत पडून आहेत. त्याने इतिहास घेऊन बी. ए. करावे, सोबत मोडी शिकावी. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते आणि त्याचे एक कार्यालय नागपुरातही आहे. पुढे नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास व पुरातत्त्वाचे एम. ए. करता येईल, किंवा अभिलेख व्यवस्थापनाचे, म्हणजे जुने कागद जपण्याचे आणि लावून ठेवण्याचे, शिक्षण घेता येईल. यात पैसा चटकन नाही, पण पोट भरण्याइतके काम आहे : कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम निघाली तेव्हा मोडी वाचणारी माणसे किती कमी आहेत हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले, आणि जमिनीच्या जुन्या कागदांसाठी लोक त्यांना आजही शोधत असतात.

शेवटी एक काम आपल्यासाठी. तिसऱ्या पानावर ‘फोर्ट स्टिकिन’ आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत या जहाजाला आग लागली. पोटात स्फोटके होती आणि कापसाच्या गाठीही. दुपारभर पाणी मारूनही आग विझली नाही आणि चारच्या सुमारास स्फोट झाला. मुलाने समासात लिहिले आहे : ‘इतके पाणी मारूनही का विझली नाही?’ जिनिंगच्या आवारातल्या गंजीला लागलेली आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते, पाणी गाभ्यापर्यंत पोहोचतच नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असणार. कपाटाची किल्ली त्याच्या हातात देताना एवढे त्याला समजावून सांगा.

आणि पुढच्या वेळी मूळ वहीच पाठवा. पेन्सिलीने लिहिलेल्या बऱ्याच नोंदी झेरॉक्समध्ये उमटलेल्या नाहीत.