मेनूचा ‘मेन’ का होतो : बारीक पॅनेलवरचे आयकॉन आणि अक्षरे

ऐरोलीच्या आपल्या घरी जुन्या लॅपटॉपवर एक्सएफसीई (लिनक्सवरचा हलका डेस्कटॉप) बसवून आपण पॅनेलची, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीची, उंची २० पिक्सेल केलीत, तेव्हापासून तिच्यावरचे व्हिस्कर मेनूचे (प्रोग्राम उघडण्याच्या यादीचे) बटण धूसर दिसते, शेजारची मराठी अक्षरे खालून कापली जातात आणि मेनू उघडला की त्याच्या कोपऱ्यांत काळे त्रिकोण उमटतात, असे आपण लिहिले आहे. ही एकच बिघाडाची साखळी नसून तीन स्वतंत्र कारणे आहेत. ग्राफिक्स ड्रायव्हरला मात्र कृपया हात लावू नका. नौपाड्यात काकूंच्या संगणकावर हेच दिसले तेव्हा मी ड्रायव्हर बदलण्यात अख्खा रविवार घालवला होता आणि हाती काहीच लागले नव्हते.

आधी आयकॉन. बहुतेक थीममध्ये लहान आयकॉन १६, २२, २४ अशा ठरावीक मापांत रेखलेले असतात. २० चे माप न मिळाल्यामुळे मोठा आयकॉन दाबून बसवला जातो आणि एका पिक्सेलची स्वच्छ रेघ दोन पिक्सेलांत अर्धवट पसरते. पॅनेल प्रेफरन्सेसमध्ये ‘अपिअरन्स’ खाली आयकॉनचे माप आपोआप ठरवण्याची खूण काढून ते १६ वर पक्के करा. पॅनेल २० पिक्सेलचेच राहिले तरी बटण स्पष्ट दिसेल.

अक्षरांचे प्रकरण जास्त मजेशीर आहे, कारण बटणावर आपण लिहिलेल्या ‘मेनू’ या शब्दातच दोष उघडा पडतो : ‘मे’ची मात्रा शिरोरेघेच्या वर जाते, ‘नू’चा उकार खाली उतरतो, म्हणजे दोन अक्षरांच्या या शब्दाला देवनागरीची जवळजवळ पूर्ण उंची लागते. रोमन लिपीतला ‘Menu’ त्याच जागेत निवांत मावतो. त्यातच निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर ती अक्षरे दुसऱ्या फॉन्टमधून घेतली जातात आणि ओळीची उंची त्या फॉन्टप्रमाणे वाढते. वरखाली थीमने राखलेली जागा वजा केली की उकार छाटला जातो आणि ‘मेन’ एवढेच उरते. व्हिस्करच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॅनेल बटन’ खाली फक्त आयकॉन दाखवा, किंवा शब्द हवाच असेल तर पॅनेल २८ पिक्सेलचे करा. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर ८ पिक्सेल म्हणजे उंचीचा जेमतेम एक टक्का. तेवढ्यासाठी उकार गमावणे मला तरी पटत नाही.

काळ्या कोपऱ्यांचा उंचीशी काहीच संबंध नाही. गोल कोपरे आणि सावली यांसाठी पारदर्शकता लागते, आणि लॅपटॉप हलका राहावा म्हणून आपण कंपोझिटर (खिडक्यांची पारदर्शकता आणि सावल्या दाखवणारा भाग) बंद केल्याचे आपणच म्हटले आहे. ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये तो पुन्हा चालू करा, नाहीतर चौकोनी कोपऱ्यांची थीम घ्या.

एवढे करूनही २८ वर उकार कापला गेला, तर फॉन्टच्या सेटिंगमध्ये डीपीआय (एका इंचात किती बिंदू धरायचे तो आकडा) पाहा. ९६ वर १० पॉइंटचा फॉन्ट सुमारे १३ पिक्सेलचा होतो. कुणी तो आकडा १२० केला असेल, तर तोच फॉन्ट १७ च्या आसपास जातो.