18 कॉम्प्युटरच्या ऑफिसला कोणतं घ्यावं: सेक्राइट, बिटडिफेंडर, सोफोस की मायक्रोसॉफ्ट डिफेंडर?

तुम्ही लिहिलंय की ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, 18 कॉम्प्युटर आणि 1 सर्व्हर आहे, पार्ट्यांना आणि सीएला रोज फाइली जातात, त्या कशा पाठवाव्यात, आणि या चार अँटिव्हायरसांतलं कोणतं घेतलं म्हणजे "निवांत झोप लागेल". त्या निवांत झोपेवर नजर अडकली, म्हणून लिहायला बसले.

मी आयटीवाली नाही. बी.कॉम. आहे. सांगलीजवळ तासगाव रोडला आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, त्याचे हिशेब लग्न झाल्यापासून मीच बघते. आमच्याकडंही पैसे मोजून घेतलेला अँटिव्हायरस होता आणि लायसन्सचे 7 महिने शिल्लक होते. नाव सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हती. कोणाची होती ते सांगते.

2020 चा जून. सोमवारी सकाळी 9 ला हिशेबाची टॅली उघडेना. फोल्डरमध्ये जाऊन बघितलं तर प्रत्येक फाइलच्या नावाला एक लांबलचक नंबर, त्यापुढं कोणाचा तरी ईमेल पत्ता आणि शेवटी कधी न पाहिलेलं शेपूट. डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी: पैसे बिटकॉइनमध्ये द्या, उशीर केलात तर भाव वाढेल. बाहेर शेडमध्ये दोन शेतकरी माल सोडवायला येऊन थांबलेले. कोणाचे किती बॉक्स, कुठल्या चेंबरला, किती भाडं बाकी, सगळं त्या एका मशिनमध्ये.

भाऊजींना फोन लावला. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, पुण्यात नोकरीला, घरातले कॉम्प्युटरचे जाणकार. ऐकून घेतल्यावर त्यांचं पहिलं वाक्य काय? "वहिनी, पेन ड्राइव्ह कोणी लावला होता?"

आता शुक्रवारी मी पेन ड्राइव्ह लावला होता, हे खरं. भाच्याच्या बारशाचे फोटो प्रिंटला द्यायचे होते. झालं. तेव्हापासून आमच्या घरात त्या सगळ्या प्रकरणाला "वहिनींचा पेन ड्राइव्ह" असं नाव आहे. दिवाळीत चकली तोंडात असतानाही विषय निघतो.

बॅकअप नव्हता का, असं तुम्ही विचाराल. होता की. दोन हार्ड डिस्क होत्या. एक ऑफिसात, एक सांगलीत गावभागातल्या आमच्या घरी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही सासूबाईंना, देवांना आणि गॅस सिलिंडरला वरच्या मजल्यावर नेलं. हार्ड डिस्क राहिली खालच्या कपाटात, साड्यांच्या मागं. पाणी उतरल्यावर ती काढली तेव्हा तिच्यातून चिखल गळत होता. नवीन घेऊया म्हणून मी मागं लागले होते, साडेचार हजाराची गोष्ट. भाऊजी म्हणाले, "आता पुन्हा कशाला खर्च? अँटिव्हायरस आहे की." उरली ऑफिसातली. ती कायम यूएसबीला लावलेलीच असायची, म्हणजे रोज आपोआप बॅकअप होईल. तो व्हायचाही. मग टॅलीला कुलूप बसलं त्याच रात्री बॅकअपलाही बसलं.

वाचलो ते आवक रजिस्टरामुळं. आमचे सासरे कॉम्प्युटरवर विश्वास ठेवत नसत. गाडी आली की गाडी नंबर, लॉट नंबर, 15 किलोचे बॉक्स किती, चेंबर कुठला, हे गेटवर हातानं लिहायचंच, असा त्यांचा दंडक होता. तो त्यांच्यामागंही चालू राहिला म्हणून बरं. मी, आमचा क्लार्क आणि माझी बारावीतली पुतणी, तिघांनी 19 दिवस बसून सगळं परत चढवलं. खंडणी दिली नाही. देण्याइतके पैसे त्या लॉकडाउनमध्ये नव्हते, हेही एक कारण. उगाच शौर्य सांगत नाही.

आता मूळ मुद्दा. मिरजेचा एक पोरगा मशिन साफ करायला आला होता. विंडोज नव्यानं टाकायच्या आधी त्यानं ती डिस्क बाजूला काढली आणि दुसऱ्या मशिनवर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून मला शेजारी बसवलं. म्हणाला, "मॅडम, हे वाचा." एकाखाली एक ओळी, सगळ्यांवर आकडा 4625. हा आकडा म्हणजे चुकलेला पासवर्ड. सेकंदाला दोन-दोन, तीन-तीन. कधी युजर admin, कधी test, कधी चक्क tally. लॉग भरला की जुना पुसला जातो, तरी उरलेल्या दोन-अडीच दिवसांत हजारो ओळी होत्या. आणि मग रविवारी पहाटे 2 वाजून 40 मिनिटांनी एकच ओळ 4624 ची, लॉगऑन टाइप 10. म्हणजे कोणीतरी रिमोट डेस्कटॉपवरून, लांबून मशिन चालवायच्या सोयीनं, आत आलं, बरोबर पासवर्ड टाकून. नंतर त्यानं अँटिव्हायरसचा स्वतःचा रिपोर्ट काढला. 2 वाजून 51 मिनिटांनी प्रोटेक्शन बंद. बंद करणारा: Administrator.

लॉकडाउन लागल्यावर पुण्यात बसून टॅली दिसावी म्हणून भाऊजींनी आमच्या राउटरवरून 3389 पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, इंटरनेटवर थेट उघडं करून ठेवलं होतं. पासवर्ड आमच्या फर्मचं नाव आणि पुढं 123. आख्ख्या जगाला दार मोकळं. पेन ड्राइव्हचा काय संबंध?

अँटिव्हायरसनं काय करायचं अशा वेळी? मालक म्हणून आत आलेल्यानं सांगितलं जा, तर गुरखा गेट सोडून जातो, तसा तो गेला. अँटिव्हायरस असा बंद करू न देणारं एक सेटिंग असतं, टॅम्पर प्रोटेक्शन किंवा अनइन्स्टॉल पासवर्ड. ते कोणी लावलंच नव्हतं.

म्हणून तुमच्या यादीबद्दल माझं मत तोंडावर सांगते. या चौघांत तुम्ही समजता तेवढा फरक नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट नावाची प्रयोगशाळा पकडणं, वेग आणि वापर यांना प्रत्येकी 6, असे 18 पैकी मार्क देते. वरच्या नंबरांची भांडणं अर्ध्या मार्कावरून असतात. त्या अर्ध्या मार्कासाठी रात्र जागवू नका. डीलरला विचारा की सगळ्या मशिनचं एकाच स्क्रीनवर दिसेल का, युजरला तो बंद करता येतो का, सर्व्हरचं लायसन्स यातच आहे की वेगळं, आणि दुसऱ्या वर्षी रिन्युअल किती. पहिल्या वर्षी स्वस्त देऊन दुसऱ्या वर्षी कापणारे खूप आहेत.

तरी विचारलंच आहे तर: मायक्रोसॉफ्ट 365 साठी तुम्ही आधीच पैसे भरत असाल, तर बिझनेस प्रीमियम प्लॅनमध्ये डिफेंडर फॉर बिझनेस येतो, तो 300 युजरपर्यंतच्या ऑफिसांसाठीच काढलाय. मात्र सर्व्हरचे पैसे वेगळे, आणि अलर्ट आल्यावर बघणारा माणूस पाहिजे. सोफोसमध्ये फाइली धडाधड लॉक व्हायला लागल्या की ते ओळखून थांबवणारं आणि फाइल पूर्ववत करणारं क्रिप्टोगार्ड आहे, आमच्यासारख्या पोळलेल्यांना ते आवडतं. सेक्राइट म्हणजे क्विक हीलचा धंदेवाल्यांसाठीचा ब्रँड, पुण्याचा. संस्थापक कैलास काटकर मूळ सातारा जिल्ह्यातले, कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केलेले, म्हणून आपल्याकडं बरेच जण अभिमानानं घेतात. अभिमान असावा, पण खरा फायदा वेगळा: मराठीत शिव्या घालता येतील असा डीलर जवळ असतो. बिटडिफेंडर चांगला आहे, एवढंच. माझ्या मते जो डीलर फोन केल्यावर दोन तासांत गाडीवरून ऑफिसात येतो, त्याच्याकडं यांतलं जे असेल ते घ्या.

आणि मग उरलेले पैसे हार्ड डिस्कवर घाला. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं माहीत असतील तुम्हाला, जमिनीखाली हळद साठवायची. पेवात हळद घालून तोंड लिंपलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आत हवाच नाही. पेव उघडलं तरी आतला वायू जाईपर्यंत माणूस खाली उतरत नाही. बॅकअप असा पाहिजे. कॉपी झाली की वायर काढायची, कपाटात ठेवायची. ज्या डिस्कला वायर लागलेली आहे ती कीड लागायच्या वाटेवरच आहे. पण पेवाचंही ऐका: 2005 च्या पुराचं पाणी त्याच पेवांत शिरलं आणि हळद कुजली. म्हणून एक प्रत गावाबाहेर. माझी आता विट्याला माहेरी असते, महिन्याला बदलते. आई विचारते, "ह्यात काय आहे गं एवढं?"

फाइली पाठवण्याबद्दल तुम्ही विचारलं होतं ते राहिलंच. फाइल पाठवायची जुनी पद्धत, एफटीपी, वापरत असाल तर आज बंद करा, त्यात पासवर्डसुद्धा उघडा जातो. एसएफटीपी घ्या, त्यात सगळं कुलूपबंद जातं. छोट्या ऑफिसात त्याची कटकट नको असेल तर 7-झिपमध्ये एईएस-256 हे पासवर्डचं कुलूप लावून फाइल मेल करा आणि पासवर्ड फोनवर सांगा, त्याच मेलच्या खालच्या ओळीत लिहू नका. आमचे एक सीए लिहायचे. गूगल ड्राइव्हची लिंक "लिंक असलेल्या कोणालाही" अशी ठेवून सहा-सहा महिने विसरू नका. आणि फाइल पाठवायचं महागडं सॉफ्टवेअर म्हणजे सुरक्षित, असंही नाही. 2023 मध्ये मूव्हइट नावाच्या, खास सुरक्षित फाइल पाठवण्यासाठीच बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून क्लॉप टोळीनं मोठमोठ्या कंपन्यांचा डेटा उचलला. पार्टीचा "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल आला, तर जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय एक रुपया सोडू नका. हे कुठलंच सॉफ्टवेअर पकडत नाही.

लांबून काम करायचंच असेल तर आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद रस्ता, त्यावर मोबाइलचा कोड, मग रिमोट डेस्कटॉप. पोर्टचा नंबर 3389 वरून 3390 केला की चोर फसतो, असं भाऊजींनी नंतर सुचवलं होतं. फसत नाही. चोर सगळे नंबर वाजवून बघतो. घराचा नंबर बदलून दार उघडंच ठेवण्यासारखं आहे ते.

काही गोष्टी आधी सांगायला पाहिजे होत्या. विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, तुमच्या 18 पैकी किती मशिन त्यावर आहेत ते मोजा, नाहीतर वरचं सगळं वाया. वॉनाक्राय या असल्याच खंडणीच्या व्हायरसनं मे 2017 मध्ये धुमाकूळ घातला, त्याचं औषध मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. लोकांनी घेतलं नव्हतं. अँटिव्हायरसवाले चुकतच नाहीत असंही नाही: 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटनं 85 लाख विंडोज मशिनच्या स्क्रीन निळ्या पडून ती बंद पडली. आणि काही घडलंच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला 6 तासांत कळवायचा नियम 2022 पासून आहे, पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. आम्हाला हे काही ठाऊक नव्हतं. आमचे पहिले 6 तास पेन ड्राइव्ह शोधण्यात गेले. शिवाय मी एका कोल्ड स्टोरेजच्या अनुभवावरून बोलतेय, तुमच्या सर्व्हरवर जीपीएस आणि ड्रायव्हरांची कागदपत्रं असणार, तर एकदा माहीतगार माणसाला पैसे देऊन बघून घ्या.

लॉक झालेली डिस्क टाकू नका, हेही. नो मोअर रॅन्सम या साइटवर लॉक झालेल्या फाइलचा नमुना टाकला की लॉक करणारा व्हायरस कुठल्या जातीचा आहे ते कळतं आणि किल्ली निघाली असेल तर फुकट मिळते. जुलै 2025 मध्ये जपानच्या पोलिसांनी फोबोस जातीची किल्ली काढली. बातमी वाचून मी कपाटातली डिस्क काढून पळत सुटले होते. आमची जात वेगळी निघाली. डिस्क परत कपाटात.

भाऊजींना आता व्हीपीएन दिलाय. परवा रात्री साडेअकराला फोन, "वहिनी, कोड येईना." म्हटलं, फोनला रेंज आहे का बघा.

तो पेन ड्राइव्ह अजून माझ्याकडं आहे, गुलाबी झाकणाचा. तुमच्या यादीतल्या चौघांची माझ्या हातून झालेली खरी तुलना एवढीच: चौघांची ट्रायल एकेक करून वेगवेगळ्या मशिनवर टाकली आणि तो प्रत्येकाकडून तपासून घेतला. आत बारशाचे 212 फोटो. चौघांनीही काहीही सापडलं नाही असं सांगितलं. स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकलेत. भाऊजींनी बघितलेत, दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.