रक्तदाब कमी आहे, केळे खावे का?

उन्हाळा तापू लागला की इंदूरच्या माझ्या दवाखान्यात एकच प्रश्न रोज येतो : "बीपी लो होते, केळे चालेल का?" बऱ्हाणपूरची केळी चोइथराम मंडीत बारा महिने उतरतात, ती स्वस्त असतात आणि घरोघरी असतात. त्यांच्याविषयी मोबाइलवर फिरणारे निरोप मात्र एकमेकांच्या विरुद्ध असतात. या वेळच्या पत्रांतील काही प्रश्न म्हणूनच एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझा रक्तदाब 100/64 असतो. केळ्यातील पोटॅशियममुळे तो आणखी उतरेल, असे शेजारच्या काकू म्हणतात. केळे बंद करावे का? (रामबाग)

बंद करू नये. पोटॅशियममुळे मूत्रपिंडे मिठातील सोडियम अधिक प्रमाणात बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात, हे खरे आहे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना फळे आणि भाज्या भरपूर खाण्यास सांगतात ते याचसाठी. परंतु हा परिणाम रोजच्या एकूण आहाराचा आणि कित्येक आठवड्यांच्या सवयीचा असतो. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तर प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान 3,510 मिलिग्रॅम घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूत्रपिंडे निरोगी असतील तर एका केळ्याने रक्तदाब उतरत नाही. उतरलेला रक्तदाब त्याने चढतही नाही, कारण केळ्यात सोडियम जवळजवळ नसतेच.

प्रश्न : केळ्याला सैंधव लावून खाल्ल्यास बीपी लगेच वर येते का?

नाही, आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये.

प्रश्न : मुलगी 23 वर्षांची आहे. रक्तदाब 94/60, तक्रार काहीच नाही. कोणते फळ द्यावे?

तिला आवडेल ते. तक्रार नसेल तर हा आजार नव्हे; थकवा किंवा चक्कर जाणवू लागल्यास मात्र हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : सासरे 72 वर्षांचे आहेत. उच्च रक्तदाबासाठी तीन गोळ्या चालू आहेत. पंधरा दिवसांपासून सकाळी उठताना त्यांना चक्कर येते, म्हणून आम्ही रोज दोन केळी आणि एक शहाळे देतो. आणखी काय द्यावे? (लोकमान्यनगर)

आणखी काही देऊ नये. त्यांना आधी डॉक्टरांकडे न्यावे. पंधरा दिवस हा फार मोठा काळ आहे, आणि हे मी कळकळीने लिहितो आहे, कारण ही चूक मी वारंवार पाहतो.

गेल्या उन्हाळ्यात राजवाड्याजवळ राहणाऱ्या एक आजी मुलाबरोबर आल्या होत्या. बीपी लो होते म्हणून अकरा दिवस त्या सकाळी दोन केळी खात होत्या. बसवून मोजलेला रक्तदाब दोनदा ठीक आला होता, त्यामुळे घरचे निश्चिंत होते. मी त्यांना पाच मिनिटे निजवून रक्तदाब मोजला, तो 124/76 भरला. मग उभे करून एका मिनिटाने मोजला, तर 96/60 आणि आजींनी टेबलाची कड घट्ट धरलेली. विचारल्यावर कळले की गुडघ्यांसाठी त्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनाभर घेत होत्या आणि शौचास डांबरासारखे काळे होत होते. जठरातील व्रणातून रक्त जात होते, हिमोग्लोबिन 7.2 वर आले होते. केळ्यांनी त्यांचे काहीच बिघडवले नव्हते, परंतु उपाय चालू आहे या समाधानात अकरा दिवस गेले.

उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर त्याचे कारण शोधावेच लागते. ते कारण गोळ्यांचा वाढलेला डोस असू शकते, लघवी वाढवणारी पाण्याची गोळी असू शकते, जुलाब, रक्तस्राव, जुना मधुमेह किंवा हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडही असू शकतो. आपल्या सासऱ्यांच्या गोळ्यांत टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन असेल, तर या औषधांनी शरीरात पोटॅशियम साठते. त्यावर रोज दोन केळी आणि शहाळे देणे वयस्कर मूत्रपिंडांना झेपेलच असे नाही. गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्यावीत, निजून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजण्याची विनंती करावी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) व पोटॅशियमची तपासणी विचारून करून घ्यावी. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. शौचाचा रंग काळा असेल, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

प्रश्न : संकष्टीला केवळ चहा आणि एक केळे घेऊन खजराना गणपतीच्या रांगेत उभी होते, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. केळे कमी पडले का?

कमी पडले ते पाणी. उन्हात बराच वेळ स्थिर उभे राहिल्यास रक्त पायांत उतरते आणि मेंदूकडे कमी पोहोचते; केळ्याने भूक भागते, ही अडचण भागत नाही. अंधारी येताच लाजू नये, तिथेच आडवे व्हावे आणि पाय उंच ठेवावेत. पुन्हा असे झाल्यास तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : औषधाच्या दुकानात फळांच्या चवीचे तयार पेय मिळते. जुलाबानंतर बीपी उतरल्यास ते द्यावे की नारळपाणी?

दोन्ही नकोत, ओआरएसची, म्हणजे पाण्यात विरघळवून द्यायच्या क्षार-साखरेची पुडी द्यावी. तिच्या मान्य सूत्रात एक लिटर पाण्यामागे 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते, आणि हे प्रमाणच काम करते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असले, तरी जुलाबात गेलेले सोडियम भरून निघेल इतके त्यात नसते. फळांच्या चित्रांनी सजलेल्या कित्येक पेयांत साखर बरीच आणि क्षार अपुरे असतात, आणि तरीही ती वर्षानुवर्षे ‘ओआरएस’ या नावाखाली विकली गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव छापण्यास मनाई केली, ती फार आधी व्हायला हवी होती. पुडीवर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नये. लघवी कमी होऊ लागली किंवा रुग्ण सुस्तावला, तर रुग्णालय गाठावे.

प्रश्न : क्रिएटिनिन 2.8 आहे, बीपी कधीकधी कमी होते. केळे, शहाळे, कमरख (करंबळ, स्टार फ्रूट) यांपैकी काय चालेल?

कमरख मुळीच नको, एक फोडही नको. मूत्रपिंडे अशक्त असताना त्यातील विषारी द्रव्ये शरीरात साठतात आणि न थांबणारी उचकी, भ्रम व झटके येऊ शकतात. केळे आणि शहाळे किती घ्यावे, हे रक्तातील पोटॅशियमचा ताजा आकडा पाहून आपले मूत्रपिंडतज्ज्ञच ठरवतील, कारण तो फार वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडतात. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ घरात असेल, तर तेही त्यांना दाखवावे. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइडच घातलेले असते. कमरख आधीच खाल्ले गेले असेल आणि उचकी लागली असेल, तर हे उत्तर वाचत बसू नये, थेट रुग्णालयात जावे.