अपडेटनंतर हेडरमधले बदल गेले? चाइल्ड थीम करून घ्या

वर्डप्रेसच्या ट्वेंटी ट्वेंटी थीमच्या (साइटच्या रूपाचा साचा) हेडर फाइलमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या भागाच्या फाइलमध्ये, केलेले बदल अपडेटनंतर गायब झाले, असं तुम्ही म्हणताय. ते होणारच होतं. अपडेटच्या वेळी वर्डप्रेस थीमचा जुना फोल्डर काढून नवा ठेवतं, तुम्ही आत काय लिहिलंय ते बघत बसत नाही. बॅकअप असेल तर आधी त्यातून ती फाइल काढून घ्या.

नुसता रंग किंवा फॉन्ट बदलायचा असता तर कस्टमायझरमधलं (थीमच्या सेटिंग्जचं पान) 'अॅडिशनल सीएसएस', म्हणजे रंगरूपाचे जादा नियम लिहायची जागा, पुरलं असतं. ते डेटाबेसमध्ये राहतं, अपडेटने जात नाही. पण तुम्हाला हेडरच बदलायचाय, म्हणून चाइल्ड थीम: मूळ थीमवर (तिला पॅरेंट म्हणतात) आधारलेली, फक्त तुमचे बदल ठेवणारी वेगळी थीम.

थीम्स फोल्डरमध्ये पॅरेंटच्या शेजारी (आत नव्हे!) नवा फोल्डर करा. त्यात स्टाइल.सीएसएस (रंगरूपाची फाइल, म्हणजे स्टाइलशीट), आणि तिच्या सुरुवातीच्या कॉमेंटमध्ये दोन ओळी: 'थीम नेम' आणि 'टेम्प्लेट'. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. 'टेम्प्लेट'पुढे थीमचं दिसणारं नाव नाही, पॅरेंटच्या फोल्डरचं नाव लागतं. तुमच्या बाबतीत ते सलग, मध्ये स्पेस नाही, सगळी अक्षरं स्मॉल. लिनक्स सर्व्हरवर एक अक्षर कॅपिटल पडलं तरी 'पॅरेंट थीम सापडत नाही' म्हणून बोंब होते.

मग फंक्शन्स.पीएचपी, म्हणजे थीमच्या कोडची फाइल. पॅरेंटची स्टाइल आणायला जुन्या लेखांत सीएसएसमध्येच 'इम्पोर्ट' लिहायला सांगतात, ते करू नका, पान हळू उघडतं. एनक्यू करा, म्हणजे फंक्शन्स.पीएचपीतल्या कोडने वर्डप्रेसला ती स्टाइलशीट लोड करायला सांगा. ट्वेंटी ट्वेंटी सक्रिय थीमचीच स्टाइलशीट लोड करते, म्हणून पॅरेंटची तुम्हाला जोडावी लागेल. ट्वेंटी ट्वेंटी-वन या दुसऱ्या थीममध्ये नेमकं उलटं आहे: पॅरेंटची आपोआप येते, चाइल्डची जोडावी लागते. म्हणून कुठलाही तयार कोड डोळे झाकून चिकटवू नका.

हेडर.पीएचपी चाइल्डच्या फोल्डरमध्ये कॉपी केली की पॅरेंटच्या जागी तुमची चालते. फंक्शन्सचं मात्र तसं नाही. दोन्ही फाइली चालतात, चाइल्डची आधी. पॅरेंटची अख्खी फंक्शन्स फाइल कॉपी केलीत तर एकाच नावाची फंक्शनं दोनदा येतील आणि साइट आडवी होऊ शकते. हेडरसारख्या टेम्प्लेट फाइलीही लागतील तेवढ्याच घ्या. कॉपी केलेल्या फाइलला पॅरेंटमधल्या पुढच्या दुरुस्त्या मिळत नाहीत.

चाइल्ड सुरू केल्यावर लोगो, मेनूच्या जागा, अॅडिशनल सीएसएस रिकामं दिसलं तर घाबरू नका. ही सेटिंग्ज थीमनिहाय साठवली जातात, पॅरेंटची तशीच शाबूत आहेत. अॅडिशनल सीएसएस चाइल्ड सुरू करण्याआधीच कॉपी करून ठेवा, बाकीचं कस्टमायझरमधून पुन्हा लावा.