वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

वॉकर आडनावाचा शोध घेतोयस ना, मग आधी 'चालणारा' हा अर्थ डोक्यातून काढ. नवं विणलेलं लोकरी कापड पाण्यात भिजवून पायांनी तुडवायचे, म्हणजे वीण दाट बसायची. ते तुडवणारे वॉकर. हेच काम करणारा इंग्लंडच्या आग्नेयेला फुलर, नैऋत्येला, डेव्हनकडे टकर आणि उत्तरेत, यॉर्कशरकडे वॉकर. एका धंद्याची तीन आडनावं, मला तर हे फार सुंदर वाटतं! आडनाव धंद्यावरून पडलेलं, म्हणूनच सगळे वॉकर एका रक्ताचे समजू नकोस. १८३७ पासूनच्या सरकारी जन्म-मृत्यू नोंदी धरून एकेक पिढी मागे जा. त्याआधीचं चर्चच्या नोंदवह्यांत सापडेल. त्या १५३८ साली सुरू झाल्या, पण सगळ्या गावांच्या टिकलेल्या नाहीत. आणि आडनावाचं म्हणून विकतात ते कुलचिन्ह घेऊ नकोस. इंग्लंडमध्ये ते व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही.