बेलभंडारा उचलू का?

माई, नमस्कार. मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहते. आमची ग्रामपंचायतीची बॉडी 2021 च्या जानेवारीत निवडून आलेली. आता पुन्हा निवडणूक, म्हणून पॅनेलं बांधणं सुरू आहे. आमच्या वॉर्डात तीन जागा. त्यातली महिलांची जागा माझ्या चुलत जाऊबाईंना दिलीय. त्यांच्यासमोर आमच्या बचत गटाच्या सचिव उभ्या राहतायत. या बाईंनी गटाचे हप्ते, बँकेची कामं सगळं चोख ठेवलंय, लेकीच्या दाखल्यासाठी माझ्याबरोबर तहसीलला चकरा मारल्यात. माझं मन त्यांच्याकडे आहे. पण मामा (माझे सासरे) म्हणतात, भावकीचं मत भावकीतच राहिलं पाहिजे, घरातली सगळी मतं पॅनेल टू पॅनेल. चुलत सासऱ्यांनी रविवारी सगळ्यांना देवळात बोलावलंय, बेलभंडारा उचलायला, म्हणजे देवाचा बेल आणि भंडारा हातात घेऊन मताची शपथ घ्यायला. आमचे हे म्हणतात, "तिथं हो म्हण, आत जाऊन कुणालाही दे." मला देवाच्या दारात खोटं बोलवत नाही आणि घरात भांडणही नको आहे. आत्यांना (सासूबाईंना) डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून त्यांच्यासोबत आत मीच जाणार. दोन्ही मतांची जबाबदारी तुझी, असं मामांनी बजावलंय. काय करू?
– एक सून

अगं, बेलभंडारा उचलू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण रविवार जवळ आलाय म्हणून हे आधी सांगितलं.

देव मध्ये आणलाय तो तू मानतेस म्हणूनच. न मानणाऱ्याला कोण कशाला देवळात बोलावेल? मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालून मत वळवणं हा आपल्या कायद्यात गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत होता, आताच्या भारतीय न्याय संहितेतही कलम 171 मध्ये आहे. तू पोलीस ठाण्यात जावंस म्हणून हे सांगत नाहीये. सुनेनं भावकीविरुद्ध तक्रार केली की पुढचा सगळा जन्म त्याच गल्लीत काढायचा असतो, हे मला कळतं. पण शपथ नाकारताना आपण काही पाप करतोय असं वाटून घेऊ नकोस.

आता नाकारायची कशी? देवळात न जाण्याचं एक हुकमी कारण बायकांकडे असतं आणि ते तपासायला कुणी येत नाही. मैत्रिणी तुला तेच सुचवतील. पण तेही खोटंच, आणि रविवार टळला तर सोमवारी भंडारा घरी येईल. त्यापेक्षा आधीच, जेवणं उरकल्यावर, मामांशी बोल. "मामा, मतदानाला मी नक्की जाणार. जाऊबाईंच्या प्रचारात भाकऱ्या थापायला लावा, थापते. पण मताची शपथ घेणार नाही. देवाला या भानगडीत नको आणायला." शेवटच्या वाक्यावर देवभोळ्या माणसाकडे फारसं उत्तर नसतं. ते चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. बोलतील नंतर.

आणि हे बोलणं तुझ्या नवऱ्यानं सुरू करावं. त्याचा सल्ला सोयीचा आहे, पण त्याच्या सोयीचा. हो तू म्हणायचं, खोटं तुझ्या नावावर, आणि तो मात्र बापाचा आज्ञाधारक मुलगा. तरी माणूस वाईट नाही. तू कुणाला मत द्यावंस याला त्याची हरकत नाही, आणि एवढीही मुभा किती घरांत नसते. मग त्यानं वडिलांना एवढंच सांगावं, "हिला शपथेला नका बसवू." त्याला हे जमत नसेल, तर घरातलं भांडण टाळायचं काम एकट्या तुझ्यावर का?

आता मतांकडे येते. तू सगळीकडे 'मत' म्हणतेस, पण तुला तीन सदस्यांची तीन आणि सरपंचाचं एक अशी चार मतं आहेत. तुझं अख्खं पत्र त्यातल्या एका मताबद्दल आहे. सरपंचपदाला कोण उभं आहे, याचा त्यात उल्लेखही नाही! तुमची मागची बॉडी आली तेव्हा सरपंच सदस्यांतून निवडला जायचा. 2022 मध्ये कायदा बदलला आणि सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडायचं ठरलं. म्हणजे या खेपेला सरपंचाचं बटण तुझ्या हातात आहे. ग्रामपंचायतीच्या खात्यावर सही सरपंचाची आणि ग्रामसेवकाची चालते. भावकीचा सगळा जीव एका वॉर्डाच्या एका जागेत अडकलाय म्हणून तूही तिथंच अडकू नकोस.

'पॅनेल टू पॅनेल' ही पॅनेलवाल्यांची सोय असते. मशीनवर प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी. एक मत जाऊबाईंच्या पॅनेलला, दुसरं समोरच्याला, तिसरं अपक्षाला, असं खुशाल देता येतं. एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर तिथं 'नोटा' दाब. तेवढ्यानं बाकीची मतं वाया जात नाहीत. फक्त सगळ्या जागांची बटणं दाबून झाल्याशिवाय बाहेर येऊ नकोस.

कुणाला निवडायचं हे मी सांगणार नाही. पण सचिवबाईंकडे तुझं मन ज्या कारणानं गेलंय ते कारण भक्कम आहे. गटाचे पैसे चोख ठेवणारी बाई गावाचेही ठेवील, असं वाटणं साहजिक आहे. तरी त्या कुणाच्या पॅनेलमध्ये आहेत, त्यांचा सरपंचपदाचा उमेदवार कोण, हे बघशील ना? मागच्या बॉडीचं बघायचं तर ई-ग्रामस्वराजच्या वेबसाइटवर तुमच्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी नेमका 2021 ते 2026 या पाच वर्षांचा होता आणि त्यातला बांधील 60 टक्के पाणी आणि स्वच्छता यांसाठीच वापरायचा होता. तुमच्या नळाला किती दिवसाआड पाणी येतं ते तुला ठाऊक आहे. लेकीला मोबाइल घेऊन शेजारी बसव आणि दोन्ही एकदा ताडून बघ. दारात मत मागायला येणाऱ्याला विचारायला प्रश्न मिळतील.

आणि जाऊबाई? त्यांच्याशी तू बोललीच नाहीस, असं पत्रावरून दिसतं. त्यांना उभं राहायचं होतं, की सोडतीत जागा महिलेची निघाली म्हणून उभं केलं? निम्म्या जागा बायकांच्या झाल्या त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी फ्लेक्सवर बाईशेजारी तिच्याएवढाच नवऱ्याचा फोटो असतो आणि मासिक सभेला खुर्चीवर तोच बसतो. कदाचित तुझ्या जाऊबाई तुझ्यापेक्षा जास्त अडकल्या असतील. शेतात, ओट्यावर, कुठंही एकट्या सापडल्या की विचार, "निवडून आलात तर सभेला तुम्ही जाणार की भावजी?" हाच प्रश्न सचिवबाईंनाही विचार. त्यांनाही नवरा आहे. जाऊबाई म्हणाल्या, "मीच जाणार, आणि पाण्याचं आधी बघणार," आणि तुला ते खरं वाटलं, तर मत त्यांना दे. भावकीतली आहे म्हणून मत द्यायचंच हा जसा हट्ट, तशी भावकीतली आहे म्हणून द्यायचंच नाही ही नुसती चीड.

निकालानंतरचंही सांगते, कारण तुझी खरी भीती तिथं आहे. ग्रामपंचायतीचा वॉर्ड लहान. पाच-सात मतांनी माणूस पडतो, कधी समान मतं पडून चिठ्ठी टाकावी लागते. जाऊबाई पडल्या तर 'कुणाची मतं फुटली' याचा हिशेब पारावर होणार, आणि त्यात तुमच्या घराचं नावही निघू शकेल. वॉर्डाचा आकडा बाहेर येतो, माणसाचं मत येत नाही. कुणी विचारलंच तर "मत गुप्त असतं" म्हण आणि कामाला लाग. जास्त खुलासे देत बसू नकोस, खुलासे देणारीवर संशय येतो. दुसऱ्या दिवशी मात्र जाऊबाईंकडे चहाला जा. पडलेल्या उमेदवाराच्या घरी त्या आठवड्यात कुणी फिरकत नाही.

राहिल्या आत्या. ज्याला दिसत नाही त्याला सज्ञान सोबती आत नेता येतो, पण ते केंद्राध्यक्षांनी मान्य करावं लागतं. सोबत्याला मत गुप्त ठेवण्याचं लिहून द्यावं लागतं. मामांनी तुझ्यावर टाकलेली जबाबदारी आणि तू सही करून घेशील ती जबाबदारी, यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. आत्यांचं मत मामांचं नाही, तसंच तुझंही नाही. आत गेल्यावर, कुणी ऐकत नसताना, सरपंचपदापासून सुरुवात करून त्यांना उमेदवारांची नावं एकेक वाचून दाखव आणि विचार. हे त्यांना आजवर कुणी विचारलंय का, मला शंकाच आहे. कदाचित त्या घाबरून म्हणतील, "तू दाब गं कुठलंही." तेव्हा घाई करू नकोस, परत विचार. आणि त्यांनी चारही वेळा भावकीच्याच पॅनेलचं नाव घेतलं, तर चारही वेळा तेच बटण दाब, तुझ्या सचिवबाईंचं एक मत त्यानं कमी झालं तरी.
– माई